सोलापूरहून मुंबई, एफएमएसच्या हाताने: नवशिक्यांसाठी पहिली फेरी

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून पुन्हा नेमाने विमानं उडायला लागली तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या पोरांचे प्रश्न बदललेत. आधी सगळी चर्चा विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीची. ती १५ जून २०२३ ला पाडली आणि तो विषय संपला. आता गच्चीवर उभं राहून विमान बघणारा शेजारचा बारावीतला पोरगा विचारतो, "काका, पायलट त्यात नुसतं मुंबई टाकतो का ओ? मग जातंय का आपोआप?"

जातं. पण नुसतं मुंबई टाकून जात नाही. एफएमएस नावाच्या विमानातल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय टाकावं लागतं, कोणत्या क्रमाने, आणि चुकलं तर काय होतं, ते त्याला दोन रविवार समोर बसवून शिकवलं. तेच इथे लिहितोय. घरी फ्लाइट सिम्युलेटर असेल तर वाचता वाचता करून बघा. नसेल तर फ्लाइटगिअर फुकट मिळतं, आणि एक्स-प्लेन असेल तर त्यावर ७३७ चं झिबो नावाचं मोफत मॉडेल चढवता येतं. सगळ्या पायऱ्या मी बोईंग ७३७-८०० च्या सांगतोय. आपल्या विमानतळावर दिसणारी विमानं याहून लहान, पण सरावाला हे बरं. एअरबसमध्ये पानांची नावं वेगळी, डोकं तेच.

आधी एक घोळ मिटवू. ऑटोपायलट आणि एफएमएस, म्हणजे फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीम, एकच नव्हे. ऑटोपायलट हे हात. लॉरेन्स स्पेरीने १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं होतं. जायरोस्कोप विमान सरळ धरून ठेवत होते. पण सरळ म्हणजे कुठे, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारा माणूस पुढची कित्येक वर्षं कॉकपिटमध्ये वेगळा बसायचा. त्याला नॅव्हिगेटर म्हणत. रात्री तो सेक्स्टंटने तारे मोजायचा आणि नकाशावर पेन्सिलने फुली मारायचा. शिवाय रेडिओवाला वेगळा, इंजिनांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर वेगळा. लांबच्या विमानात पुढे पाच-पाच माणसं.

नॅव्हिगेटरची खुर्ची गेली ती इनर्शियल नॅव्हिगेशनमुळे, म्हणजे बाहेरून काही न विचारता आपली जागा स्वतःच मोजत राहणाऱ्या यंत्रामुळे. १९७० साली ७४७ सेवेत आलं तेव्हा त्यात कॅरोझेल नावाचं यंत्र होतं. त्यात एका वेळी फक्त नऊ ठिकाणं मावत, तीही नावाने नाही, अक्षांश-रेखांशाचे आकडे एकेक करून दाबायचे. नऊ संपत आली की उडता उडता पुढची भरायची. मग १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महागलं आणि विमान कंपन्यांना एकच प्रश्न पडला: कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाने गेलं तर कमी तेल जळेल? हे आकडे काढणारे वेगळे कॉम्प्युटर आले. रस्ता दाखवणारा एक आणि तेल वाचवणारा दुसरा, हे दोघं एकत्र आले तेव्हा आजचं एफएमएस झालं. १९८२ मध्ये बोईंग ७६७, पाठोपाठ १९८३ मध्ये एअरबस ए३१०. त्याच विमानांत फ्लाइट इंजिनिअरचीही खुर्ची गेली. आपल्याकडे एअर इंडियाने १९८६ मध्ये ए३१० घेतलं आणि इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ए३२०.

खोक्यात काय असतं

माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर होते. चादरीवरचा मोर किंवा फूल जकार्डवर निघतं, आणि जकार्ड चालतं छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर. जिथे छिद्र तिथे दोरा उचलला जातो, नाही तिथे खालीच राहतो. एकदा एका पुठ्ठ्यात एक छिद्र चुकीच्या जागी पडलं. मागाने कुरकुर केली नाही, थांबला नाही. प्रत्येक फुलाची एकेक पाकळी मोडत तो रात्रभर व्यवस्थित विणत राहिला. सकाळी वडिलांनी चादर उलगडून उजेडात धरली तेव्हा कळलं.

एफएमएसही तसंच, दिलेलं मुकाट विणत जाणारं. फरक एवढाच की इथे पुठ्ठे तुम्ही पाडता, आणि उजेडात धरून बघायचं ते उडायच्या आधी.

या खोक्याकडे, म्हणजे एफएमएसकडे, स्वतःची दोन बाडं असतात. एकात जगभरच्या धावपट्ट्या, हवाई रस्ते, त्यावरचे बिंदू, उतरायच्या पद्धती. हे बाड दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलतं. जुनं भरलेलं ठेवणं म्हणजे गेल्या वर्षीचं पंचांग बघून यंदाचा मुहूर्त काढणं. दाते पंचांग जिथून निघतं त्या आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या बाडात तुमच्या विमानाची कुंडली: किती वजनाला किती वेग, इंजिन किती तेल खातं, कितव्या उंचीवर किती हवा कापता येते.

तिसरी गोष्ट, आपण आत्ता कुठे आहोत. त्यासाठी जीपीएस आहे, जमिनीवरच्या डीएमई केंद्रांपासूनचं अंतर आहे, आणि सगळ्यांच्या तळाशी आयआरएस. लेझर जायरो आणि वेगातला बदल मोजणारे संवेदक यांच्या जोरावर हे यंत्र डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखं काम करतं. बाहेरच्या कुणावर अवलंबून नाही, म्हणून खोट्या जीपीएस सिग्नलने फसत नाही. पण पावलं मोजताना थोडी थोडी चूक साठत जाते, तासाला सागरी मैल-दोन मैल. म्हणून खोकं तिन्हींचा मेळ घालत राहतं.

पहिली पायरी: मी कुठे आहे

दोन खुर्च्यांच्या मध्ये खाली जो छोटा पडदा आणि कीबोर्ड आहे तो सीडीयू. पडद्यावर १४ ओळी, ओळीत २४ अक्षरं. दोन्ही कडांना सहा-सहा बटणं. टाइप केलेलं आधी सगळ्यात खालच्या ओळीत येतं, ती कच्ची पाटी. मग ज्या ओळीत ते बसवायचं तिच्या शेजारचं बटण दाबायचं. पडद्यावर चौकोनी खोकी दिसली तर भरलंच पाहिजे, नुसत्या रेघा दिसल्या तर ऐच्छिक. एवढं व्याकरण पाठ झालं की निम्मं काम झालं.

आयडेंट पानावर विमानाचा प्रकार आणि बाडाची तारीख बघा. मग पॉस इनिट. इथे विमानाची जागा द्यायची. सोलापूर विमानतळाचा कोड व्हीएएसएल, जागा साधारण उत्तर १७ अंश ३७ मिनिटं, पूर्व ७५ अंश ५६ मिनिटं.

या पायरीवर नवीन माणूस जांभई देतो. देऊ नका. आयआरएस जमिनीवर स्थिर असताना पृथ्वीचं फिरणं जोखतं आणि त्यावरून आपला अक्षांश स्वतः ताडून बघतं. रेखांश मात्र त्याला कळायला काही मार्ग नाही. पृथ्वी सोलापुरात जशी फिरते तशीच त्याच अक्षांशावर आफ्रिकेतही फिरते. मार्च २०१५ मध्ये एअरएशिया एक्सचं एक ए३३० सिडनीहून क्वालालंपूरला निघालं होतं. रेखांश टाकायचा होता १५१०९.८, टाकला गेला ०१५१९.८. एक आकडा घसरला आणि यंत्रणेला वाटलं आपण अकरा हजार किलोमीटर लांब आहोत. इशारे आले, ते निसटले. उडाल्यावर एकामागून एक यंत्रणा बिघडल्यासारखी वागू लागली आणि शेवटी विमान मेलबर्नला उतरवावं लागलं.

आपल्या गावावर हाच हिशेब करून बघा. ०७५५६ ऐवजी एक शून्य जास्त पडून ००७५५ झालं, तर अक्षांश तोच राहतो आणि तुम्ही सहाराच्या वाळूत जाता, नायजरमधल्या अगादेझ गावाच्या उत्तरेला. शेजारच्या पोराने पहिल्या रविवारी नेमकं हेच केलं. नकाशावर होटगी रोड सापडेना म्हणून वैतागला होता.

दुसरी पायरी: रस्ता

आरटीई पान उघडा. निघायचं व्हीएएसएल, पोचायचं व्हीएबीबी. मधला रस्ता एसटीच्या पाटीसारखा लिहितात. सोलापूर-पुणे गाडीवर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण लिहिलेलं असतं, मधलं प्रत्येक वळण नसतं. तसंच इथे हवाई रस्त्याचं नाव आणि तो जिथे सोडायचा तो बिंदू. खऱ्या उड्डाणाचा रस्ता ठरवून मिळतो. सरावाला सरळ मुंबईच्या व्हीओआर, म्हणजे रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या केंद्राचा कोड टाका, बीबीबी. ॲक्टिव्हेट दाबा, मग पेटलेलं एक्झेक बटण दाबा. एक्झेक दाबेपर्यंत काहीही पक्कं नसतं, हे लक्षात असू द्या.

आता डेप-अर पानावर सोलापूरची धावपट्टी ३३ आणि मुंबईला २७ वरची आयएलएस पद्धत, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ सिग्नलच्या आधाराने उतरायची पद्धत, निवडा. मग लेग्ज पान उघडून नकाशा प्लॅनवर लावा आणि एकेक पायरी पुढे सरकत सगळा रस्ता डोळ्यांनी चाला. इथे गंमत दिसेल. बीबीबी केंद्र विमानतळावरच आहे, आणि धावपट्टी २७ ला पूर्वेकडून उतरतात. म्हणजे तुमचं विमान सोलापूरहून थेट मुंबईच्या डोक्यावर जाणार आणि तिथून पुन्हा उलटं पूर्वेला येणार. घरासमोरून पुढे जाऊन चौकात यू-टर्न मारल्यासारखं. खोक्याला यात काही वावगं वाटत नाही. तुम्ही सांगितलंत, त्याने रेघ ओढली. उतरण्याच्या पद्धतीतला पहिला बिंदू उचला आणि बीबीबीच्या ओळीवर ठेवा. रेघ सुधारते. मध्ये डिस्कन्टिन्युइटी, म्हणजे रस्ता तुटलाय, असं लिहून खोकी उरली असतील तर तीही अशीच मिटवायची. एक्झेक.

शेवटी एकूण अंतर बघा. सोलापूर ते मुंबई सरळ रेषेत १९५ सागरी मैल, म्हणजे साधारण ३६० किलोमीटर. पडद्यावर सव्वादोनशे दिसले तर ठीक. चारशे दिसले तर कुठेतरी भलतं गाव शिरलंय.

भलतं गाव कसं शिरतं? एसटीत "एक वडगाव द्या" म्हटलं की कंडक्टर विचारतो, "कुठलं वडगाव?" बिंदूंची नावंही जगात अशीच दुबार असतात. खोकं यादी दाखवतं आणि निवड तुमच्यावर सोडतं. २० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७ मायामीहून कोलंबियातल्या कालीला उतरत होतं. वैमानिकांना रोझो नावाचं केंद्र हवं होतं. नकाशावर त्याचं चिन्ह आर होतं म्हणून त्यांनी आर टाकून यादीतलं वरचं नाव घेतलं. ते होतं बोगोटाजवळचं रोमिओ. रोझो त्या बाडात पूर्ण नावानेच नोंदलेलं होतं, आर टाकून ते येणारच नव्हतं. रात्रीची वेळ, दोन्हीकडे डोंगर, आणि विमान निमूटपणे डावीकडे वळलं. १६३ पैकी चार जण वाचले.

म्हणून यादी आली की नावाशेजारचे अक्षांश-रेखांश वाचा. आणि एक्झेक दाबण्याआधी नकाशावरची तुटक रेघ बघा. ती अचानक आडवी पळाली असेल तर बोट मागे घ्या.

तिसरी पायरी: वजन आणि तेल

परफ इनिट. झेडएफडब्ल्यू म्हणजे तेल सोडून विमानाचं वजन, माणसं आणि सामान धरून. सरावाला ५५.० टन टाका. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे इथे तेलासकटचं वजन टाकणं. मग खोकं त्यात तेल पुन्हा मिळवतं आणि सगळे वेग वाढवून सांगतं.

एककंही तपासा, किलो की पौंड. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या नव्याकोऱ्या ७६७ मध्ये तेलाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं आणि आकडा खोक्यात हाताने भरला. लिटरचं वजन काढताना किलोचा ०.८ वापरायचा, वापरला गेला पौंडाचा १.७७. हवे होते २२,३०० किलो. भरलं गेलं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि खोक्याला सांगितलं गेलं बावीस हजार तीनशे. ते बिचारं शेवटपर्यंत भरपूर तेल दाखवत राहिलं. ४१,००० फुटांवर इशारे वाजू लागले आणि थोड्याच वेळात एकेक करून दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टनला ग्लायडर उडवायची सवय होती, त्याने ते जुन्या गिमली तळावर तसंच तरंगत उतरवलं. विमानातले ६९ च्या ६९ वाचले.

मग कॉस्ट इंडेक्स. वेळेची किंमत भागिले तेलाची किंमत, एवढंच. शून्य टाकलं तर विमान कंजूष ड्रायव्हरसारखं पुणे रोडवर साठच्या वर जाणार नाही. मोठा आकडा टाकला तर मालकाचा फोन आल्यासारखं पळेल. ३० टाका. क्रूझ उंची २६,००० फूट, म्हणजे एफएल२६०. पश्चिमेकडे जाताना सम हजार, पूर्वेकडे विषम. वारा माहीत असेल तर तोही द्या, उतरताना उपयोगी पडतो. एन१ लिमिट आणि टेकऑफ रेफ ही पुढची दोन पानं पटकन होतात. तापमान आणि फ्लॅप द्या, आलेले व्ही१, व्हीआर, व्ही२ हे उड्डाणाचे तीन वेग स्वीकारा.

चौथी पायरी: उडा, आणि वर लिहिलेलं वाचा

जमिनीवरच एलनॅव आर्म करा. वर गेल्यावर चाकं घेतली, की व्हीनॅव, मग ऑटोपायलट. आता एलनॅव रेघेवर ठेवतं आणि व्हीनॅव उंची-वेग सांभाळतं. बिंदू यायच्या आधीच विमान वळायला लागलं तर घाबरू नका. सात रस्त्याला गाडी वळवताना चौकाच्या मधोमध जाऊन कुणी स्टिअरिंग फिरवत नाही, तसंच ते. काही बिंदू मात्र ओलांडूनच वळायचे असतात, त्यांच्याभोवती नकाशात गोल असतो.

समोरच्या पडद्यावर अगदी वर छोट्या अक्षरांत मोड लिहून येतात. हेच यंत्राचं खरं उत्तर. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नाही, वरचं अक्षर बदललं तर झालं. प्रत्येक बदल मोठ्याने वाचायची सवय लावा, घरच्यांनी हसलं तरी. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए३२० धावपट्टीच्या अलीकडेच पडलं आणि ९२ माणसं गेली. यंत्रणा ज्या मोडमध्ये होती त्यात इंजिनं आयडलवरच, म्हणजे अगदी कमी जोरावरच राहतात, वेग घटत गेला आणि ते ध्यानात यायला उशीर झाला. त्या अक्षरांचा आकार लहान आहे, किंमत नाही.

पाचवी पायरी: उतरण

ही माझी आवडती, कारण इथे खोक्याची हुशारी दिसते. ते उतरण शेवटाकडून मोजतं. धावपट्टीपासून मागे मागे येत, इंजिनं आयडलवर ठेवून घरंगळत यायला कुठून सुरुवात करायची तो बिंदू काढतं. नकाशावर तो टी/डी म्हणून दिसतो. तुम्ही तोंडी ताडून बघा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. २६ गुणिले ३, झाले ७८. वेग कमी करायला अजून दहा. म्हणजे मुंबईच्या आधी ८८ सागरी मैल. सरळ रेषेत निघालो असू तर हे ठिकाण यवतच्या आसपास येतं, पुणेसुद्धा अजून पुढेच आहे. उतरायचं मुंबईला आणि तयारी यवतला! खोक्याचा बिंदू याच्या जवळपास असेल तर विश्वास ठेवा. तीस मैलांचा फरक असेल तर वजन, वारा किंवा उंचीची एखादी अट चुकलीय.

माझ्या पहिल्या फेरीत टी/डी आला आणि गेला, विमान आपलं २६,००० वरच. मी पडद्याकडे बघतोय, खाली पुणे मागे पडतंय. कारण साधं होतं. समोरच्या पॅनलवर उंचीची जी खिडकी असते, तिच्यात मी २६,००० च ठेवले होते. एफएमएसने कितीही आखलं तरी त्या खिडकीतला आकडा ओलांडून विमान खाली जात नाही. ही माणसाच्या हातातली कडी आहे, मुद्दाम ठेवलेली. टी/डीच्या थोडं आधी सीडीयूवर रिसेट एमसीपी ऑल्ट असा निरोपही आला होता. वाचला कुणी? टी/डीच्या दहा मैल आधीच खिडकीत ३,००० फिरवून ठेवा, बाकी खोकं बघतं.

शेवटी आयएलएस पकडायची आणि व्हीनॅव आपोआप बाजूला होतं. जिथे आयएलएस नाही अशा धावपट्ट्यांसाठी आता उपग्रहावरच्या पद्धती आल्यात. आपल्या गगन यंत्रणेवर एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला उतरलं. छोट्या गावांच्या विमानतळांना ही मोठीच सोय आहे, आणि त्या पद्धतीही त्याच २८ दिवसांच्या बाडातून येतात.

मुंबईला टेकलात की चहा घ्या आणि परतीची फेरी स्वतः भरा, माझ्याकडे न बघता. यावेळी पूर्वेकडे, म्हणून विषम उंची, २५,००० फूट. आणि सोलापूर मुंबईसारखं समुद्रकाठी नाही, आपली धावपट्टी सुमारे १,६०० फुटांवर आहे, ते वजा करायला विसरू नका. आधी कागदावर काढा उतरण कुठे सुरू होईल, मग टी/डी बघा. उत्तर भिगवणच्या जवळपास आलं तर बरोबर आलंय.